दाबविद्युत् इन्व्हर्टर

दाबविद्युत् इन्व्हर्टर : विद्युत् घटमालेकडून मिळणाऱ्या अल्प दाबाच्या एकदिश प्रवाहाचे, दाबविद्युत् मृत्तिका पट्टीच्या कंपनांद्वारे, उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारी प्रयुक्ती. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते प्रकाश अडवितात किंवा जाऊ देतात. त्यामुळे रंगीत द्रव स्फटिक पडद्यामागे दिवा ठेवावा लागतो. हा दिवा पेटविण्यासाठी ही प्रयुक्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली आणि त्या दिव्याबरोबरच मागे पडली.

पूर्वेतिहास : काही स्फटिकांवर यांत्रिक दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतो, हे झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याच्या उलट परिणाम, म्हणजे विद्युत् दाबाने स्फटिकाची लांबी बदलणे, गाब्रीएल लिपमान यांनी १८८१ मध्ये सैद्धांतिक रीत्या वर्तविला व क्यूरी बंधूंनी तो लगेच पडताळून पाहिला. दोन्ही परिणाम एकाच पट्टीत साधले, तर तारेच्या वेटोळ्यांवाचून विद्युत् दाब वाढविता येईल, ही कल्पना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतील चार्ल्स ए. रोझेन यांनी मांडली. त्यांनी १९५४ मध्ये केलेल्या अर्जावर १९५८ मध्ये एकस्व मिळाले. तत्कालीन बेरियम टिटॅनेटाच्या पट्ट्यांतून मिळणारी शक्ती मर्यादित होती. लेड झिर्कोनेट टिटॅनेट हा अधिक कार्यक्षम पदार्थ १९५० नंतरच्या दशकात पुढे आला, तरीही व्यापक उपयोगासाठी सु. चाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

रचना व कार्य : रोझेन यांच्या पट्टीच्या अर्ध्या भागाचे ध्रुवीकरण जाडीच्या दिशेने, तर उरलेल्या अर्ध्या भागाचे लांबीच्या दिशेने केलेले असते. पहिल्या भागाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरील विद्युत् अग्रांना प्रत्यावर्ती दाब दिला म्हणजे पट्टी लांबीच्या दिशेने कंप पावते. या कंपनांमुळे दुसऱ्या भागाच्या टोकाशी उच्च दाब उत्पन्न होतो. दिलेल्या प्रवाहाची कंप्रता पट्टीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली, तरच हा परिणाम मोठा होतो. सु. ३० मिमी. लांबीच्या पट्टीत अर्धी तरंगलांबी सामावत असल्यास ही कंप्रता ५० ते ६० किलोहर्ट्‌झच्या आसपास येते. पट्टी लांब व पातळ असेल तितकी दाबवृद्धी अधिक. पहिला भाग अनेक पातळ थरांचा केल्यास ती आणखी वाढते.

पडद्यातील उपयोग : सुवाह्य संगणकांच्या पडद्यामागील शीत ऋणाग्र अनुस्फुरक दिवा म्हणजे दोन-तीन मिमी. व्यासाची, पाऱ्याची वाफ असलेली नळी असे. तो पेटताना एक हजार व्होल्टहून अधिक, तर पेटल्यावर काहीशे व्होल्ट दाब लागे. दाबविद्युत् पट्टीचा स्वभाव या गरजेशी नेमका जुळणारा होता : दिवा विझलेला असताना तिची दाबवृद्धी फार मोठी असते व दिव्यातून प्रवाह वाहू लागताच ती आपोआप घटते. शिवाय पट्टी सपाट असून तिच्यात जळण्याजोगी तार नसते. या कारणांनी १९९० नंतरच्या दशकात जपानी उत्पादकांनी बहुथरी पट्ट्यांचे इन्व्हर्टर बाजारात आणले. मृत्तिकेचा ठिसूळपणा, तापमान व भार यांनुसार सरकणारी कंप्रता आणि एका पट्टीची काही वॉटांची मर्यादा हे त्यांचे दोष होते. कंप्रतेचा माग ठेवणारे नियंत्रक मंडल त्यामुळे आवश्यक ठरे व वेटोळ्याचे रोहित्र स्पर्धेत टिकून राहिले.

चुंबकीय दृष्टीने महत्त्व : वेटोळ्याच्या रोहित्राला चुंबकीय गाभा लागतो आणि प्रवाह बंद असतानाही तो गाभा जवळचे चुंबकीय क्षेत्र विकृत करतो. भूचुंबकीय मापनात असे व्यत्यय किती घातक ठरतात, याचा अनुभव महाराष्ट्रातच आला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापन १९०४ मध्ये उभारलेल्या अलिबाग येथील वेधशाळेकडे न्यावे लागले. दोन्ही ठिकाणची मापने १९०४–०६ या काळात समांतर घेण्यात आली, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालील जुनी नोंदमाला अखंड राहिली. ही परंपरा पुढे नेणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आता रायगड जिल्ह्यातील नवीन पनवेल येथे आहे. दाबविद्युत् पट्टीत चुंबकीय गाभा नसतो, हा गुण अशा मापनांच्या संदर्भात लक्षणीय आहे. मात्र मंडलातील प्रवाहवाहक तारांभोवतीचे क्षेत्र तिच्यामुळे नाहीसे होत नाही.

ऱ्हास व सद्यःस्थिती : पांढरा प्रकाश देणारा प्रकाशउत्सर्जक डायोड अल्प एकदिश दाबावर चालतो व त्यात पारा नसतो. २००५ नंतर तो पडद्यांत झपाट्याने रूढ झाला आणि उच्च दाबाची गरजच उरली नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराच्या २०२२ मधील बैठकीत पडद्यांसाठीच्या शीत ऋणाग्र दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबविण्यासाठी २०२५ ही मुदत ठरली. इन्व्हर्टरची पीछेहाट त्याच्या दोषांपेक्षा दिव्याच्या अस्तामुळे झाली. ज्या दिव्याशी जुळल्याने त्याला बाजार लाभला, त्याच दिव्याबरोबर तो बाजार सरला. दाबविद्युत् रोहित्र मात्र आयनजनक यंत्रे, शीत आयनद्रायू निर्माण करणारी साधने इत्यादींमध्ये उपयोगी पडते.