सदारंगांची बंदिश आणि पं. भातखंडे यांचा रसिकधर्म : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात गायक-वादकांची चरित्रे विपुल आहेत. त्या मानाने रसिकांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. मैफलीत समोर बसून दाद देणारा आणि पुढे आयुष्यभर त्या मैफलीच्या आठवणी सांगणारा रसिक मराठी समाजाला चांगला परिचित आहे. परंतु ज्याला कधी पाहिले नाही, ज्याचा आवाज ऐकणे शक्य नाही, ज्याचे विश्वसनीय चरित्रही हाती नाही, अशा जुन्या रचनाकाराच्या शोधात आयुष्य वेचणारा रसिक विरळाच म्हणावा लागेल. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे अशा विरळा रसिकांपैकी एक होत.

भातखंडे यांची ओळख सामान्यतः दहा थाटांची व्यवस्था लावणारे शास्त्रकार, स्वरलिपीचे प्रवर्तक आणि संगीत महाविद्यालयांचे प्रेरणास्थान अशी करून दिली जाते. ती योग्यच आहे. तथापि या सर्व कार्याच्या मुळाशी जुन्या बंदिशींविषयीची जी ओढ होती, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात सदारंग व त्यांच्या पाठोपाठच्या ख्याल-रचनाकारांविषयी भातखंडे यांच्या ठिकाणी असलेल्या भक्तीचा आणि त्या भक्तीतून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाचा विचार केला आहे. तो प्रश्न असा : बंदिश कोणाची? ती रचणाऱ्याची, वंशपरंपरेने ती जपणाऱ्या घराण्याची, की तिच्यावर प्रेम करणाऱ्या कोणाही रसिकाची?

मुद्रेपुरता उरलेला रचनाकार

सदारंग हे न्यामत खाँ यांचे काव्यनाम होय. दिल्लीचा बादशहा महंमदशहा (कारकीर्द १७१९-१७४८) याच्या काळातील ते श्रेष्ठ बीनकार होते. १७३८ नंतरच्या काही वर्षांत दिल्लीत असलेल्या दर्गाह कुली खान याने आपल्या फारसी वृत्तान्तात न्यामत खाँ यांच्या बीनवादनाची मनापासून प्रशंसा केली आहे. म्हणजेच सदारंग ही केवळ दंतकथेतील व्यक्ती नव्हे. तिला समकालीन साक्ष उपलब्ध आहे. न्यामत खाँ यांचे पुतणे फिरोज खाँ हे 'अदारंग' या नावाने रचना करीत. ध्रुपदाच्या भारदस्त परंपरेशेजारी ख्याल या गानप्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय परंपरा या दोघांना देते. सदारंगांनी आपल्या वंशजांना मात्र ध्रुपद व बीन यांचीच तालीम दिली, ख्याल इतर शिष्यांना शिकवले, असेही परंपरेने सांगितले जाते.

ख्यालाच्या अंतऱ्यात रचनाकार आपले नाव गुंफतो. या नावालाच 'मुद्रा' किंवा 'छाप' म्हणतात. सदारंगांच्या अनेक बंदिशींत त्यांच्या मुद्रेबरोबर महंमदशहाचेही नाव येते. पुढे दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली, कलावंत लखनौ, ग्वाल्हेर, रामपूर, जयपूर अशा दरबारांकडे वळले आणि त्यांच्याबरोबर बंदिशीही गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यामुळे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजली. त्यामुळे दिल्ली दरबारातील रचनाकाराची मुद्रा कृष्णाकाठच्या गवयांच्या मुखी आली. परंतु गाणारा ती मुद्रा उच्चारीत असला, तरी श्रोत्याला त्या नावामागील माणूस ठाऊक नसे. गायकाचे नाव गाजत होते, रचनाकार मुद्रेपुरता उरला होता.

वकिलाचा छंद

भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. ते गवयाच्या घरातील नव्हते. त्यांनी १८८५ मध्ये बी.ए. व १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळवली आणि वकिली केली. संगीत हा त्यांचा छंद होता. मुंबईत १८७० साली पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने 'गायन उत्तेजक मंडळी' स्थापन झाली होती. १८८४ मध्ये भातखंडे तिचे सभासद झाले. सुशिक्षित, नोकरदार व व्यापारी मंडळींनी उस्तादांना बोलावून त्यांच्याकडून गाणे ऐकावे आणि शिकावे, अशी सोय या संस्थेत होती. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना ध्रुपदे मिळाली. त्यांची संख्या सुमारे ३०० सांगितली जाते. अली हुसेन आदी उस्तादांकडून ख्याल मिळाले.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. भातखंडे यांना मैफल गाजवायची नव्हती. व्यावसायिक गायकाला पाच-पंचवीस रागांतील निवडक बंदिशी पुरतात. त्यांच्या बळावर तो आयुष्यभर गाऊ शकतो. रसिकाची भूक वेगळी असते. त्याला आवडत्या रचनाकाराची प्रत्येक रचना हवी असते, एकाच रचनेची दोन घराण्यांतील रूपे शेजारी ठेवून पाहायची असतात, मूळ पाठ कोणता असावा याची रुखरुख लागलेली असते. १९०० साली पत्नीचे आणि १९०३ साली कन्येचे निधन झाल्यावर भातखंडे यांचा संसार संपला आणि हा छंद हेच त्यांचे जीवितकार्य झाले. पुढे त्यांनी वकिलीही सोडली. १९०४ मध्ये दक्षिण भारत, १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता व हैदराबादकडील प्रदेश आणि १९०८ मध्ये उत्तर भारत असे दीर्घ प्रवास त्यांनी केले. ग्रंथालयांतील हस्तलिखिते आणि उस्तादांच्या कंठातील बंदिशी, अशा दोन्ही ठेव्यांचा शोध ते घेत होते.

कोठीवालांचा ठेवा

या शोधातील सर्वांत बोलका प्रसंग जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्याशी संबंधित आहे. हे घराणे मनरंग या रचनाकाराची परंपरा सांगणारे होते. महंमद अली खाँ यांचे पुत्र आशक अली व अहमद अली यांच्याकडून भातखंडे यांनी मुंबईत घराण्यातील सुमारे ३०० बंदिशी ऐकल्या, त्या फोनोग्राफवर उतरवून घेतल्या आणि स्वरलिपीत लिहिल्या. ही वार्ता पित्याच्या कानी गेली, तेव्हा ते संतप्त होऊन मुंबईस आले. परंतु भातखंडे यांची तळमळ व शिष्यभाव पाहून त्यांचा राग मावळला, अशी हकीकत सांगितली जाते.

हा प्रसंग बहुधा भातखंडे यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून दिला जातो. परंतु महंमद अली खाँ यांचा संतापही समजून घेतला पाहिजे. दरबारी आश्रय आटत चाललेल्या त्या काळात बंदिशींचा साठा ही घराण्याची मालमत्ता होती. ती मुलीच्या विवाहात आंदण म्हणून दिली जाई, अशा आठवणी घराण्यांत प्रचलित आहेत. जो ठेवा पिढ्यानपिढ्या कंठात सांभाळला, तो एका सुखवस्तू वकिलाच्या वहीत उतरला, तर उस्तादांच्या वंशजांजवळ काय उरणार होते? मनरंगांची रचना जगावी ही भातखंडे यांची इच्छा जितकी खरी, तितकीच कोठीवालांची ही चिंताही खरी होती.

रामपूर येथेही याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. तेथील बीनकार वजीर खाँ यांची परंपरा तानसेनाच्या कन्येच्या वंशाशी, म्हणजेच न्यामत खाँ यांच्या कुळाशी जोडली जाते. त्या दरबारातील विद्या मिळावी म्हणून भातखंडे यांनी नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. पन्नाशी ओलांडलेल्या, ग्रंथकार म्हणून नाव मिळवलेल्या विद्वानाने गंडा बांधून घ्यावा, यात बंदिशींच्या लोभाबरोबर परंपरेचा मान राखण्याची जाणीवही दिसते.

दक्षिणेचा आणि पश्चिमेचा दाखला

रचनाकाराला केंद्रस्थान देणारी संस्कृती भातखंडे यांनी १९०४ च्या दक्षिण यात्रेत प्रत्यक्ष पाहिली होती. कर्नाटक संगीतात त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामाशास्त्री यांच्या कृती हाच गायनाचा कणा असतो. एट्टयपुरम येथे भातखंडे यांनी सुब्बराम दीक्षितर यांची भेट घेतली. त्याच वर्षी सुब्बराम दीक्षितर यांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या २२९ कृती स्वरलिपीसह दिलेल्या आहेत. घरातील ठेवा घरातल्याच माणसाने छापून सर्वांसाठी खुला केल्याचे हे उदाहरण होते. उत्तरेत मात्र हेच काम घराण्याबाहेरच्या रसिकाला करावे लागले, हा फरक महत्त्वाचा आहे.

दक्षिणेतील भक्तीचे आणखी एक रूप तिरुवैयारू येथे आढळते. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या कमाईतून त्यागराजांच्या समाधीस्थानी मंदिर उभारले. १९२५ साली ते पूर्ण झाले. समाधीपुढील वार्षिक उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. तो दूर व्हावा म्हणूनही त्यांना झगडावे लागले. युरोपात १८२९ मध्ये तरुण मेंडेल्सनने बाखची विस्मृतीत गेलेली एक मोठी धर्मसंगीतरचना बर्लिनमध्ये पुन्हा सादर करून त्या रचनाकाराला नवे आयुष्य दिले. एकीने मंदिर बांधले, दुसऱ्याने जाहीर प्रयोग केला. भातखंडे यांनी पुस्तक काढले. तिघांनीही आपण ज्यांना पाहिले नाही अशा रचनाकारांचे ऋण फेडले.

'क्रमिक पुस्तक मालिका' आणि 'हररंग'

भातखंडे यांच्या भक्तीचे मूर्त फळ म्हणजे 'हिंदुस्थानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका' हे सहा भाग. मूळ मराठीतून लिहिलेल्या या मालिकेत १८०० हून अधिक बंदिशी स्वरलिपीसह आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली व तार सप्तकासाठी वर बिंदू, समेला फुली आणि खालीला शून्य, इतकी ही लिपी सुटसुटीत आहे. तालुक्याच्या गावातील विद्यार्थीही ती थोड्या दिवसांत वाचू लागतो. या पानांवर सदारंग, अदारंग, मनरंग यांच्या मुद्रा शेजारी शेजारी आल्या आणि त्यांच्या कर्तृत्वाचा विस्तार प्रथमच एकत्र पाहता आला.

भातखंडे यांनी स्वतःही रचना केल्या. 'चतुर' ही त्यांची मुद्रा सर्वपरिचित आहे. त्याखेरीज 'हररंग' ही मुद्राही त्यांचीच असल्याचे अभ्यासकांत मानले जाते. हे नाव अर्थपूर्ण वाटते. सदारंग, अदारंग, मनरंग या मालिकेत आपलेही नाव मिसळून जावे, वेगळे उठून दिसू नये, असा त्यामागील भाव असावा. ज्याने इतरांच्या मुद्रा सांभाळल्या, त्याने आपली मुद्रा त्यांच्यासारखीच घडवून घेतली.

कागद आणि कंठ

या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. पुस्तकातील पाठ आपल्या घराण्यातील पाठाशी जुळत नाही, अशी अनेक गायकांची तक्रार होती. स्वरलिपीत मींड, कण आणि उच्चारातील लय पूर्णपणे उतरत नाही, हेही सत्य आहे. अलीकडच्या काळात जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वेगळ्या अंगाने टीका केली आहे. संगीताला राष्ट्रीय व शास्त्रशुद्ध रूप देण्याच्या प्रयत्नात भातखंडे यांनी मुसलमान उस्तादांच्या ज्ञानाला दुय्यम लेखले, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. भातखंडे यांच्या लेखनात उस्तादांच्या ग्रंथज्ञानाविषयी कठोर उद्गार आढळतात, हे नाकारता येत नाही. ज्यांच्या कंठातून सदारंग मिळाले त्यांच्याविषयीच अधीर व्हावे, ही त्यांच्या भक्तीची मर्यादा मानावी लागेल.

कागद आणि कंठ यांतील नात्याबाबत रायगड जिल्ह्यातील एक जवळचे उदाहरण उद्बोधक ठरेल. पेण तालुक्यातील हमरापूर व परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे साच्यातून एकसारख्या मूर्ती निघतात. परंतु डोळ्यांची आखणी कसबी कारागिराच्या हाताने होते आणि त्या आखणीनंतरच मूर्तीत जीव आल्यासारखा वाटतो. साचा नसेल तर रूप टिकत नाही. हात नसेल तर रूप जिवंत होत नाही. छापील बंदिश हा असाच साचा आहे. भातखंडे यांनी साचा वाचवला. आखणीचे काम त्यांनी गायकांवरच सोपवले होते. म्हणूनच पुस्तकांबरोबर त्यांनी ग्वाल्हेर (१९१८) व लखनौ (१९२६) येथील महाविद्यालयांच्या उभारणीत स्वतःला झोकून दिले.

समारोप

१९३३ पासून भातखंडे पक्षाघाताने अंथरुणास खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी लखनौचे महाविद्यालय अनेक वर्षे सांभाळले आणि 'सुजान' या मुद्रेने नव्या बंदिशी रचल्या. रातंजनकरांचे शिष्य, बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथे जन्मलेले पं. के. जी. गिंडे (१९२५-१९९४) यांनी भातखंडे-संग्रहातील आणि आपल्या गुरूंच्या असंख्य बंदिशी कंठस्थ ठेवल्या आणि त्यांतील मोठा भाग कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीसाठी ध्वनिमुद्रित केला. कंठातून कागदावर गेलेला ठेवा अशा रीतीने पुन्हा कंठात आला.

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर यातून काही अंशी मिळते. बंदिश रचनाकाराची असते, हे तिच्यातील मुद्रा सांगते. ती घराण्याची असते, कारण छपाई नसलेल्या काळात घराण्यांनीच ती जगवली. त्यांचा हा वाटा संगीताच्या अध्यापनात आजही पुरेसा सांगितला जात नाही. आणि ती रसिकाचीही असते, मात्र ऋण मान्य करण्याच्या अटीवर. भातखंडे यांच्या पुस्तकावरून ख्याल शिकविताना सदारंगांबरोबर महंमद अली खाँ कोठीवाल यांचे आणि त्यांच्या दोन पुत्रांचेही नाव विद्यार्थ्यांना सांगितले गेले, तर ते ऋण काही प्रमाणात फिटेल.