जहाजाचा वैरी, बोगद्याचा गुरू

डोळे उघडता तेव्हा तुम्ही इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत उभे असता. १८१८ उजाडायला थोडा अवकाश आहे. नाकात डांबराचा वास, कानांत करवतींची घरघर. शेजारी मूळचा फ्रेंच इंजिनिअर मार्क ब्रुनेल जहाजाच्या तळातून निघालेलं एक लाकूड भिंगाखाली निरखतोय.

तुम्हीही वाका. वरून धडधाकट, आतून चाळणी! ही करामत टेरेडोची. म्हणायला किडा, पण गोत्र शिंपल्याचं. डोक्याशी दोन खरखरीत शिंपा. त्यांनी कानशीसारखं लाकूड खरवडायचं, भुसा गिळायचा, पुढे सरकायचं. आता बिळाच्या कडेवर नख फिरवून बघा. गुळगुळीत, चुनखडीसारखं लागतं ना? मागे पडलेल्या वाटेला हा प्राणी स्वतःच अस्तर करत जातो.

गोदीतला सुतार त्याला शिव्या घालतो. ब्रुनेलला मात्र एकाच अंगात खणणारा आणि गवंडी दिसतो. थेम्स नदीखाली बोगदा काढायचा एक प्रयत्न १८०८ मध्ये पाण्यात गेलाय. तिथली माती ओली, खणली की ढासळते. १८१८ मध्ये ब्रुनेल टेरेडोसारखं खणत-बांधत पुढे सरकायच्या आपल्या युक्तीचं पेटंट घेतो.

आता १८२६. लंडनमधल्या रॉदरहाइथला, थेम्सच्या पोटाखाली, तुम्ही एका लोखंडी खणात उभे आहात. असे खण ३६. प्रत्येकात एक माणूस. समोर मातीला टेकवलेल्या आडव्या फळ्या. एक फळी काढा. साडेचार इंच माती खणा. फळी पुढे सरकवून पुन्हा घट्ट बसवा. मग तिच्या खालची. सगळ्या झाल्या की स्क्रूच्या रेट्याने खणांची लोखंडी चौकट पुढे सरकते आणि पाठीमागे गवंडी लगेच विटा रचतात. वरून लंडनचं घाण पाणी ठिबकतंय, श्वास कोंडतोय.

पुढचं झटपट बघून घ्या. मे १८२७ मध्ये नदी आत घुसते. जानेवारी १८२८ मध्ये पुन्हा. सहा माणसं दगावतात. पैसा संपतो, काम सात वर्षं बंद. अखेर १८४३ मध्ये लोक नदीखालून चालत पलीकडे जातात. त्या बोगद्यातून आजही लोकल धावते. मुंबईत मिठी नदीखालून मेट्रोचा मार्ग काढणाऱ्या यंत्राची रीतही तीच: तोंडाने खणायचं, मागे लगेच भिंत उभारायची.

परतण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या. टेरेडोचं बीळ गोल असतं आणि ब्रुनेलने थेम्सखाली खणलेला बोगदा चौकोनी. त्याने किड्याचं रूप उचललं नाही, कामाचा क्रम उचलला. परक्या मुलखातून कल्पना आणायची तर अशी. उद्या काम अडलं, की ज्याला तुमच्या धंद्यात सगळे शिव्या घालतात, त्यालाच आधी भिंगाखाली धरा.