शैवालभक्षी मासे : लहान घरगुती टाकीसाठी निवड

मत्स्यालयातील काच, दगड, लाकूड आणि वनस्पतींची पाने यांवर वाढणारे शेवाळ खरवडून किंवा कुरतडून खाणारे गोड्या पाण्यातील मासे. आपल्याकडील दुकानांत त्यांतील अनेक जाती ‘सकर’ या एकाच नावाने विकल्या जातात. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या कुलांतील असून काहींची पूर्ण वाढ ४ सेंमी., तर काहींची ४५ सेंमी.पर्यंत होते. येथे लहान टाकी म्हणजे दीड ते दोन फूट लांबीची, सुमारे ४० ते ५५ लिटर पाण्याची टाकी. तिच्यासाठी मासा निवडताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात : शेवाळ कोणते आहे, मासा वाढून केवढा होणार आणि शेवाळ संपल्यावर तो काय खाणार.

शेवाळाचे प्रकार : नव्या टाकीत काचेवर धरणारा तपकिरी थर डायाटमांचा असतो. तो आणि मऊ हिरवा थर बहुतेक शैवालभक्षी मासे आवडीने खातात. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके माशांना निघत नाहीत. ते नेराइट गोगलगाय किंवा पाते खरवडून काढते. पानांच्या कडांवर वाढणारे काळे, दाढीसारखे शेवाळ फार थोडे मासे खातात. निळसर हिरवा, उग्र वासाचा बुळबुळीत थर हा सायनोबॅक्टेरियांचा असतो आणि पाणी हिरवे होते ते तरंगत्या सूक्ष्म शेवाळामुळे. या दोन्हींवर मासा हा उपाय नाही.

योग्य जाती : दक्षिण अमेरिकेतील ओटोसिंक्लस (ओटो) हा लहान टाकीसाठी सर्वांत योग्य मासा. तो ४ ते ५ सेंमी. वाढतो, रोपांना इजा करत नाही आणि कोणाच्या वाटेला जात नाही. तो कळपाने राहणारा असल्याने दोन फुटी टाकीत चार ते सहा ओटो एकत्र ठेवावेत. विक्रीस येणारे बरेच ओटो नदीतून पकडलेले असतात आणि प्रवासात त्यांची उपासमार होते. म्हणून खरेदीपूर्वी काचेला चिकटलेला मासा समोरून न्याहाळावा : काचेवर टेकलेले पोट गोल, भरलेले दिसले तर मासा सुदृढ, आत खपाटीला गेलेले असेल तर तो घरी आणल्यावरही सहसा तगत नाही. महिना-दीड महिना जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतच ओटो सोडावेत.

ब्रिसलनोज प्लेको (अँसिस्ट्रस) १० ते १३ सेंमी. वाढतो. प्रौढ नराच्या मुखाग्रावर फाटे फुटलेल्या मिशांचा झुपका असतो. दोन फुटी टाकीत असा एकच मासा ठेवावा. त्याला लपायला जागा आणि खरवडायला लाकूड द्यावे. पाणी कठीण असेल तर मोली उपयोगी पडते. ती मऊ शेवाळ दिवसभर टिपत राहते. मात्र ती थेट पिले देते आणि टाकी लवकर भरते.

टाळावयाच्या जाती : चार-पाच सेंमी.चे पिल्लू म्हणून मिळणारा साधा प्लेको (टेरिगोप्लिक्थिस) ३० ते ४५ सेंमी.पर्यंत वाढतो. सोनेरी रंगात मिळणारा ‘चायनीज अल्गी ईटर’ (गायरिनोचिलस) मोठेपणी भांडखोर होतो आणि इतर माशांच्या अंगावरील श्लेष्मल थर चोखून त्यांना जखमी करतो. सयामी अल्गी ईटर (क्रॉसोचिलस) काळे शेवाळ खातो, पण १५ सेंमी. वाढणाऱ्या या चपळ पोहणाऱ्याला मोठी टाकी लागते. त्याची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते. ही त्याची ओळखखूण. सह्याद्रीतील ओढ्यांत खडकांवरचे शेवाळ खाणारा गारा मुल्या (साइक्स, १८३९) हा आपल्याच भूमीतील मासा. वाहत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात रमणाऱ्या या माशाला लहान टाकीत कोंडणे योग्य नाही.

इतर पर्याय : २५ ते ३० लिटरच्या टाकीत मासा न आणता नेराइट गोगलगाय किंवा आमानो कोळंबी ठेवावी. जपानी जलोद्यानकार ताकाशी आमानो यांनी प्रसिद्धीस आणलेली ही सुमारे ५ सेंमी.ची कोळंबी धाग्यासारखे शेवाळ खाते. तांबे असलेली औषधे मात्र तिला मारक ठरतात.

निगा : केवळ शेवाळावर मासा जगवणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. आठवड्यातून दोन-तीनदा वाफवलेली काकडी, दुधी किंवा पालक आणि बुडणाऱ्या शैवालगोळ्या द्याव्यात. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी काढून टाकावी. शैवालभक्षी मासाही विष्ठा टाकतो आणि त्यातून शेवाळाचे पोषण पाण्यात परत येते. त्यामुळे दिवे रोज सहा ते आठ तासच लावणे, टाकीवर थेट ऊन येऊ न देणे, खाद्य बेताने घालणे आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे हाच मूळ उपाय. मासे त्याला हातभार लावतात.

पर्यावरण : टाकीत न मावणारे साधे प्लेको बाहेरच्या पाण्यात सोडल्यामुळे केरळमध्ये आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात ते आज मोकळेपणी वाढत आहेत. ते हवा गिळून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतात, अंडी घालण्यासाठी काठात बिळे करून माती ढासळवतात आणि त्यांच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. नको झालेला मासा नदी, तळे किंवा विहिरीत कधीही सोडू नये. तो विक्रेत्याला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याला द्यावा.