शाळेचे पांढरे बूट



मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाला स्मृतिव्याख्यानासाठी बोलाविले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा बखरींवर बोलेल अशी अपेक्षा असते. परंतु हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ योजिले आहे ते आपले व्यायामशिक्षक होते. त्यांची आठवण काढताना माझ्या डोळ्यांपुढे ग्रंथ येत नाहीत; बूट येतात. पांढऱ्या कॅनव्हासचे, रबरी तळाचे, ज्यांना आपण ‘पी.टी.चे बूट’ म्हणत होतो, ते. शाळांच्या इतिहासात इमारती, देणगीदार आणि मुख्याध्यापक यांची नोंद होते. बुटांची होत नाही. ती उणीव आज थोडीशी भरून काढावी म्हणतो.

या बुटाचे कुळ परदेशी आहे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८४४ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि कापडाला रबरी तळ जोडणे व्यवहार्य झाले. इंग्लंडात या बुटाला ‘प्लिमसोल’ म्हणू लागले, त्यामागची हकीकत मोठी गमतीची आहे. सॅम्युअल प्लिमसोल हे पार्लमेंटचे सभासद. मालक जहाजात वाजवीपेक्षा अधिक माल भरतात आणि खलाशी बुडून मरतात, म्हणून त्यांनी चळवळ केली. १८७६ मध्ये जहाजांवर भाररेषा आखणे कायद्याने सक्तीचे झाले. बुटाच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी लोकांना त्या रेषेसारखी दिसली, म्हणून ते नाव. गरीब खलाशांच्या कैवाऱ्याचे नाव मुलांच्या बुटाला मिळाले खरे. आपल्याकडे मात्र ते नाव रुजले नाही. आपल्याकडे नाव रुजले ते बाटाचे. चेकोस्लोव्हाकियातील झ्लिन गावच्या या कारखानदारांनी कलकत्त्याजवळ कोन्नगर येथे आरंभ केला, १९३४ मध्ये बाटानगरची पायाभरणी झाली, आणि पुढे देशातल्या शाळाशाळांतून तेथले बूट दिसू लागले.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सर्व राज्यास लागू केली. या सक्तीने शाळेत आलेली बहुसंख्य मुले अनवाणी होती, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. कारण या शहरातली व्यायामाची परंपराच अनवाणी होती. जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांनी पिढ्यान् पिढ्या घडविल्या. त्या आखाड्यात पादत्राणे दाराबाहेर राहत. मल्लखांबाला बूट चालत नाही, कुस्तीच्या मातीला तर नाहीच नाही. ज्या शहरातून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत निघाले, तेथे व्यायामासाठी बूट लागतात ही कल्पनाच उपरी होती. बूट आला तो संचलनाबरोबर. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना निघाली, १९५४ मध्ये जनरल जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय शिस्त योजना आरंभिली, आणि कवायतीला एक नवी प्रतिष्ठा आली. रांग दिसायची तर पाय सारखे दिसले पाहिजेत. शाळांनी पांढरे बूट आवश्यक ठरविले.

आमच्या घरी त्याला आजीची संमती मिळाली ती एका कारणाने. तिला चामड्याचा विटाळ होता. वडिलांच्या वहाणा उंबऱ्याच्या आत येत नसत. नवे बूट तिने काठीने उलटेपालटे करून पाहिले, “कापडाचेच ना?” असे विचारले, आणि ते माजघरापर्यंत आले. शनिवारी ते साबणाने धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत घालावयाचे आणि रविवारी संध्याकाळी पांढरे करावयाचे. सफेद्याची डबी महाग, म्हणून आम्ही वर्गातील खडूचे तुकडे खिशात घालून आणीत असू आणि त्यांची पूड पाण्यात कालवून चिंधीने लावीत असू. (ही चोरी आज साठ वर्षांनी शाळेपुढे कबूल करतो.) चालताना ती पूड विजारीवर उडे आणि पहिल्या घामाबरोबर रबराला पिवळेपणा येई. अंगठ्याच्या जागी भोक पडले की आई आतून कापडाचा तुकडा लावी. पण अंगठा हट्टी, तो पुन्हा बाहेर.

माझे पहिले बूट १९६२ च्या प्रजासत्ताक दिनासाठी घेतलेले होते. त्यापूर्वीच्या दिवाळीत घरात फटाके आले नव्हते, त्याचे कारण मला बूट हाती आल्यावर कळले. ते एक माप मोठे घेतले होते, पुढे कापूस कोंबला होता. त्या दिवशी पाहुण्यांपुढे आमच्या तुकडीचे लेझीम होते. सकाळी रांगा लावताना सरांच्या ध्यानात आले की अकरा मुलांना बूट नाहीत. नियम असा होता की बूट नसतील त्याने मागे, झाडाखाली उभे राहावे. सर काही वेळ त्या झाडाकडे पाहत राहिले. मग खाली बसून त्यांनी स्वतःच्या बुटांचे बंद सोडले आणि म्हणाले, “लेझीम मातीचा खेळ आहे. सगळ्यांनी बूट काढा.”

सभ्य गृहस्थहो, आपणांस वाटेल की मी त्या क्षणी धन्य झालो. तसे झाले नाही. मी संतापलो. फटाक्यांवाचून गेलेली दिवाळी मी त्या बुटांत पाहत होतो, आणि माझी आई कुंपणापाशी उभी होती. मैदानात गोखरूचे काटे होते. मी डोळ्यांत पाणी आणून, चुकीचे ठेके घेत लेझीम खेळलो. झाडाखाली उभी राहणारी ती अकरा मुले त्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूंना होती, आणि त्यांचे ठेके चुकत नव्हते, कारण ती मुले रोज तशीच चालत होती.

सरांना कोणी जाब विचारला की नाही, ठाऊक नाही. पुढच्या वर्षीही बुटांचा नियम कायम होता; झाडाखाली उभे करण्याची पद्धत मात्र आमच्या तुकडीपुरती बंद झाली. सर आखाड्यात घडलेले होते. मैदानात उतरताना ते नेहमीच बूट काढीत, हे मी आधीही शंभरदा पाहिले होते.

बाकीचे सांगण्यासारखे थोडे आहे. आज मुलांच्या पायांत जाड तळांचे, रंगीत बूट दिसतात. ते अधिक सोयीचे असतील. माझे ते बूट सहा महिन्यांत पायाला बसू लागले आणि वर्षभरात लहान झाले. कापूस काढून आईने ते धाकट्या भावासाठी ठेवले. त्याच्या पायांत ते आले तेव्हा डाव्या बुटाला भोक होते, म्हणून तो कवायतीत नेहमी उजव्या बाजूच्या टोकाला उभा राही.