शिलाशासनांतील शापवाणी व माजिवड्याची बोली

ठाण्याच्या उत्तरेस, घोडबंदराची व नाशिकची अशा दोन वाटा जेथें फुटतात, तेथें माजिवडा हें गांव आहे. आज गावठाणाभोंवतीं उंच इमारती उभ्या असल्या, तरी जुन्या आगरी-कोळी घरांतून ‘घोरा’, ‘पानी’, ‘डोला’, ‘मना’ हे शब्द अद्यापि ऐकूं येतात. शाळेच्या पुस्तकाप्रमाणें हे शब्द अशुद्ध होत. आमच्या मतें ते पुरावा आहेत. बोलीस पुराव्याचें मोल कसें येतें, हें या प्रांताच्या जुन्या शासनांवरून चांगलें कळतें.

ठाणें, म्हणजे तेव्हांचें श्रीस्थानक, हें उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या राज्यांतील प्रमुख नगर. तेथील किल्ल्यांत १७८७ सालीं पाया खणतांना अरिकेसरीचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट सांपडला. त्याची भाषा संस्कृत. भूमि हरण करणारा साठ हजार वर्षें विष्ठेंतील कृमि होईल, हा दानपत्रांतील नेहमींचा शापश्लोक भयंकर खरा. परंतु गांवकीच्या शेतांत पाऊल टाकणाऱ्यास तो कोण समजावून सांगणार?

अपरादित्याच्या परळ येथील शके ११०८ (इ. स. ११८७) च्या शिलालेखांत याचें उत्तर मिळतें. साष्टींतील, म्हणजे षट्षष्टि विषयांतील, महावली गांवासंबंधींचें हें दान संस्कृतांत सांगितलेलें आहे. शापाची वेळ येतांच मात्र लेखक ‘जो कोणु’ म्हणून मराठीवर उतरतो, आणि शासन लोपणाऱ्याच्या आईस गाढवाचा संबंध जोडणारी उघड शिवी देतो. दान देणाऱ्या राजास व घेणाऱ्या देवास संस्कृत चाले. शाप ज्यास बाधावयाचा तो गांवचा माणूस, म्हणून त्याच्याच तोंडची भाषा. ज्यास अक्षर येत नाहीं त्याच्यासाठीं अशा शिळांवर वर चंद्रसूर्य आणि खालीं गाढवाचें चित्र कोरीत. लेखकास संस्कृत साधेना म्हणून तो घसरला, हें मत आम्हांस मुळींच पटत नाहीं.

पुढें अलिबागजवळ नागांव येथील शके १२८९ (इ. स. १३६७) च्या लेखांत हंबीररावाचें ‘ठाणें कोंकण’ राज्य नोंदलें आहे. त्यांत हिजरी सनाचा आंकडा आहे, बिरुदें संस्कृत वळणाचीं आहेत, आणि व्यवहाराचा मजकूर मराठी आहे. (अक्षीच्या लेखाचा काळ वादग्रस्त असल्यानें तो येथें घेतला नाहीं.) साष्टी १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. १६८४ त गोव्याच्या व्हाइसरॉयानें लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडावी असा हुकूम काढला. गोव्यांत कोंकणी उरली ती उरलीच; इकडे साष्टीच्या ख्रिस्ती घरांतही मराठीची बोलीच चालूं राहिली.

असें असतां लेख छापतांना लज्जेस्तव शापाच्या जागीं टिंबें द्यावयाचीं, अथवा ‘कोणु’ चें ‘कोण’ करावयाचें, ही खोड आमच्यांत आहे. त्या उकारांत बाराव्या शतकांतील साष्टीकराचा उच्चार राहिला आहे. आणि ज्या विद्वानास ‘कोणु’ पूज्य वाटतो, त्यानें ‘पानी’ ऐकून हंसावें हें तर अधिकच चमत्कारिक.

माजिवड्यापासून घोडबंदरापर्यंतच्या गावठाणांत हिंडणाऱ्या संग्राहकांस एवढेंच सांगणें आहे: शेंदूर माखलेला उभा दगड दिसल्यास गांवकऱ्यांच्या संमतीनें त्याचा ठसा घ्यावा, गांवकरी त्यास काय म्हणतात तें त्यांच्याच उच्चारांत लिहावें, आणि बुंध्याची माती काढून पाहावी, कारण गाढवाचें चित्र बहुधा तेथेंच गाडलेलें असतें.