एका रागाच्या अनेक रात्री

मेहरूणच्या बोरांची गोडी एका बोरावरून ठरवू नये. तद्वत गवयाची योग्यता एका मैफलीवरून ठरवू नये. राग तोच, चीज तीच, गाणाराही तोच. तथापि कालचे गाणे आजचे नसते. म्हणून एकाच गवयाच्या निरनिराळ्या रात्रींच्या गाण्यांची तुलना करणे हा निव्वळ शौक नव्हे. गायनकलेच्या इतिहासाचे ते एक मुख्य साधन होय, असे आमचे मत आहे.

या साधनास आपण फार काळ मुकलो. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे, एवढीच गवयास मुभा असे. मेहरूण ज्याचे उपनगर आहे, त्याच जळगावात नारायण श्रीपाद राजहंस यांनी बालपणी महबूबखाँ यांच्यापाशी गायनाचे पहिले धडे घेतले. हेच पुढे बालगंधर्व झाले. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांच्या चाली गाताना 'वन्समोअर'चा गजर झाला, की तेच पद ते नव्या हरकतींनी सजवीत. तबकडीने त्यातील एखादे रूप राखले. उरलेली रूपे श्रोत्यांच्या आठवणींबरोबर लोपली.

पुढे चुंबकीय फीत आली आणि सबंध मैफल राखणे शक्य झाले. पुण्यास १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी अनेक दशके गायले. त्यांच्या शुद्ध कल्याणाची दोन निरनिराळ्या काळांतील मुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. तारुण्यातील तानांचा झंझावात उत्तरवयात विसावतो आणि स्वरावर ठहरण्यास अधिक अवकाश मिळतो, हे सहृदय श्रोत्यास सहज उमगते. मात्र फीत वाजवीपेक्षा वेगाने फिरली, तर लय आणि पट्टी दोन्ही चढतात. म्हणून आधी तंबोऱ्याचा षड्ज पडताळावा, मगच निर्णय द्यावा.

अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाचा वाद्यवृंद १९६५ पासून १९९५ पर्यंत गाजला. तो एकच गीत दर रात्री निराळे विस्तारून वाजवी. त्याच्या रसिकांनी शेकडो रात्रींच्या फिती तारीख व स्थळ लिहून जपल्या. ८ मे १९७७ च्या मैफलीचे मुद्रण तर तेथील राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात दाखल झाले आहे.

आपल्याकडे शौकिनांच्या कपाटांत अशा फिती आहेत. परंतु कित्येकींवर तारीख नाही, गाव नाही, साथीदारांची नावे नाहीत. फितीवरील लेप काळाने सुटतो आणि स्वर कायमचा जातो. जळगावात बालगंधर्वांच्या नावे संगीत महोत्सव भरतो, हे उचितच होय. परंतु स्मरण आणि जतन या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्यांच्यापाशी अशी फीत असेल, त्यांनी तिची नक्कल वेळीच करून घ्यावी आणि वर चार ओळींची नोंद लिहावी. एरवी पुढील पिढीस थोर गवयांची नावे तेवढी ठाऊक राहतील. त्यांचे गाणे कसे घडत गेले, हे सांगण्यास पुरावा उरणार नाही.