कापसाची धूळ आणि श्वासाची कसोटी

जळगाव : कापसाचा हंगाम सुरू होताच जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंग कारखाने गजबजतात. रुई आणि सरकी वेगळी होताना बारीक धूळही हवेत मिसळते. या धुळीत राबणाऱ्या कामगाराची फुफ्फुसे त्या कामास सक्षम आहेत का, हे सांगणारी साधी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. श्वसनयंत्र लावून आगीत शिरणारे अग्निशमन जवान आणि पाणबुडे यांच्या वैद्यकीय तपासणीतही तिचा उपयोग होतो.

चाचणी कशी होते?

नाकाला चिमटा लावून छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीतून जोराने, हवा संपेपर्यंत सोडायचा. एकूण किती हवा बाहेर पडली आणि त्यातील पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र नोंदवते. पहिल्या सेकंदातील हवेचे एकूण हवेशी प्रमाण साधारणतः ०.७ पेक्षा कमी असल्यास श्वासनलिकांत अडथळा असल्याचे मानले जाते. वय, उंची व लिंग यांनुसार अपेक्षित आकडे बदलतात. किमान तीन वेळा नीट फुंकल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. चाचणीपूर्वी तासभर तरी विडी-सिगारेट ओढू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असल्यास किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

सुटीनंतरचा पहिला दिवस

कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या आजाराला 'बिसिनोसिस' म्हणतात. काडीकचऱ्यावरील जीवाणूंची विषद्रव्ये हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. सूतगिरण्यांत, विशेषतः पिंजण विभागात, तो अधिक आढळतो. जिनिंगमध्येही जुनाट खोकला व श्वासनलिकादाह होऊ शकतो. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटणे, ही बिसिनोसिसची ओळख. पुढील दिवसांत त्रास ओसरतो, म्हणून दुर्लक्ष होते. क्ष-किरण चित्रातही त्याची खास खूण दिसत नाही. त्यामुळे त्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर स्पायरोमेट्री करणे महत्त्वाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार पहिल्या सेकंदातील हवेत ५ ते १० टक्के घट सौम्य, १० ते २० टक्के मध्यम आणि २० टक्के वा अधिक घट तीव्र मानली जाते.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाने कायद्यात बिसिनोसिस हा शासनाला कळविणे बंधनकारक असलेला आजार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. व्यवसायजन्य आजार कळविण्याची जबाबदारी तिच्यातही मालक आणि डॉक्टर या दोघांवर आहे.

हंगामी कामगारांचे काय?

जिनिंगचे काम हंगामी, मजूर बहुधा ठेकेदारामार्फत येणारे. यंदाचा कामगार पुढील वर्षी दुसऱ्याच कारखान्यात असतो आणि मागचा आकडा नसल्याने घट लक्षात येत नाही. यासाठी हंगामापूर्वीच चाचणी करून अहवालाची प्रत कामगाराच्याच हाती द्यायला हवी. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ रोखत नाही. योग्य मास्क आणि धूळ शोषून घेणारी यंत्रणा हवी.

आकडा कमी आला म्हणजे कामगार निकामी ठरला, असे नव्हे. सुरुवातीच्या टप्प्यात धुळीपासून दूर केल्यास त्रास बराचसा कमी होतो. जुनाट झाल्यावर फुफ्फुसांची हानी भरून येत नाही. नोकरी जाण्याच्या भीतीने कामगार खोकला लपवत राहिला, तर चाचणीचा उद्देशच फसतो. तिचा निकाल कामावरून काढण्यासाठी नव्हे, कमी धुळीच्या विभागात बदली करण्यासाठी वापरला गेला पाहिजे.